बोरीचा कामठा, उंटाची नस

"पाय पाहिजेत? नुसते पाय?" चाचांनी सुरा थांबवून विचारलं.

"पाय नकोत चाचा. पायातल्या नसा."

"सूप करता का काय?"

"नाही. कामठ्याला लावायच्यात. तीरकामठ्याला."

चाचा बीडकडचे. बुरैद्यातल्या एका मलहम्यात, म्हणजे मटणाच्या दुकानात, ते उंटाचं आणि बकऱ्याचं मांस तोडतात. नऊ वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. "ऊन लागलं का हो भाऊ?" एवढं म्हणून ते आत गेले आणि हाशीचा, म्हणजे कोवळ्या उंटाचा, मागचा पाय घेऊन आले. नडगीच्या मागं वरून खालपर्यंत एक चीर दिली, बोट आत घालून खरवडलं आणि ओढलं. हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड, ओल्या पांढऱ्या पट्ट्यासारखा जिन्नस बाहेर आला. "ही का? ही तर आम्ही फेकतो." पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी अशा अकरा नसा बाजूला काढून ठेवल्या. रोज दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचे, तेवढी वसुली त्यांनी केली.

मी मूळचा चिपळूणचा. इथं खजुराच्या शीतगृहांची वीजयंत्रणा सांभाळतो. बुरैदा हे रियाधच्या वायव्येला साधारण साडेतीनशे किलोमीटरवरचं, अल-कसीम प्रांताचं मुख्य शहर. ऑगस्ट उजाडला की खजुराचा मोसम सुरू होतो, पहाटेपासून खजुराच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते आणि आम्हाला झोपायला वेळ नसतो. तो संपला की मात्र संध्याकाळी मोकळ्या असतात. गल्फमधल्या मोकळ्या संध्याकाळी माणूस काय करतो? फोन करतो, जेवण करतो, पुन्हा फोन करतो. मी लाकूड तासायला लागलो.

सुरुवात तशी साध्या गोष्टीवरून झाली. शीतगृहाला लागून असलेल्या मजऱ्याच्या, म्हणजे खजुराच्या शेताच्या, कडेनं सिदरची झाडं आहेत. सिदर म्हणजे आपली बोरच, जवळची चुलतबहीण म्हणा. तेच काटे, तशीच फळं, तेवढंच चिवट लाकूड. रानातलं झाड तोडणं सौदीत गुन्हा आहे, दंड जबर. पण मजऱ्याच्या मालकानं, ज्यांना आम्ही सगळे 'अम्म', म्हणजे काका म्हणतो, त्यांनी छाटणी करून टाकलेल्या फांद्या सरपणाच्या ढिगात पडल्या होत्या. त्यातल्या एका सरळ फांदीकडे बघून ते सहज म्हणाले, "आमचे जुने लोक याचे कौस करायचे." कौस म्हणजे धनुष्य. लहानपणी आजोळी ठाकरवाडीतल्या पोरांकडे बांबूचे तीरकामठे बघितले होते, ते आठवलं. मी फांदी मागून घेतली.

पहिले दोन कामठे मोडले. एक दोरी चढवतानाच, दुसरा ओढताना कानाशेजारी बंदुकीसारखा आवाज करून. दोन्ही पाठीवर मोडले. कामठ्याची जी बाजू समोर, सावजाकडे असते तिला पाठ म्हणतात आणि जी आपल्याकडे असते ती पोट. अरबीत नेमके हेच शब्द आहेत, जहर आणि बत्न. कामठा वाकवला की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. दाबानं लाकूड चेपतं पण टिकतं, ताणानं तुटतं. आपल्या लांबीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकं ताणलं की पाठीवरचा एखादा धागा उचलतो, मग शेजारचा, आणि एका क्षणात सगळं लाकूड फाटतं. लांब कामठ्यात वाक पसरतो, म्हणून तो वाचतो. पण घोड्यावर, उंटावर किंवा झुडपात दडून बसायचं तर कामठा आखूड हवा. आखूड केला की वाक तीव्र आणि पाठ धोक्यात. इथं नस कामाला येते. सुकलेली नस लाकडाच्या सात-आठ पट ताण सोसते. तिचे धागे सरसात भिजवून पाठीवर चिकटवले, तर ताण तिच्यावर येतो आणि लाकूड सुटतं.

इथं एक गैरसमज आहे, मीही तो बाळगून होतो. नस लावली की बाण दुप्पट जोरानं जातो, असं ऐकीव ज्ञान सांगतं. तसं नाही. नस जड असते. लांब, नीट घडवलेल्या कामठ्याला ती लावली तर टोकांचं ओझं वाढून बाण उलट मंदावू शकतो. आखूड कामठ्याला ती मोडू देत नाही, हाच तिचा पहिला उपयोग. बाकीचे फायदे मागून येतात.

अरबीत नसेला दोन शब्द आहेत, अकब आणि असब. जुने कोशकार त्यात फरक करतात. असब पिवळटाकडे झुकणारी. अकब पांढरी, जास्त कणखर, आणि कामठ्याच्या कामाची तीच. अकब लिहायला जी तीन अक्षरं लागतात त्याच तीन अक्षरांचा, फक्त स्वर बदलून, टाच असाही अर्थ होतो. चाचांनी नस टाचेच्या वरूनच तर ओढून काढली होती. 1500च्या सुमारास मोरोक्कोतल्या कुणा अनाम लेखकानं धनुर्विद्येवर लिहिलेलं एक अरबी हस्तलिखित प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. नबीह अमीन फारिस आणि रॉबर्ट एल्मर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद 1945 साली छापला. त्यात हिजाजी, म्हणजे पश्चिम अरबस्तानातल्या, कामठ्यांचे प्रकार आहेत. अखंड काठीचा एक, चिरलेल्या लाकडाचा एक, आणि पोटाला बकऱ्याचं शिंग व पाठीला नस लावलेला एक.

लाकडं कोणती, तर नब, शौहत, शिरयान. अरब कोशकारांचं म्हणणं असं की ही एकाच झाडाची तीन नावं. डोंगरमाथ्यावर उगवलं तर नब, उतारावर शिरयान, पायथ्याशी शौहत. अनुवादकांनी त्याला ग्रेविया कुळात बसवलं आहे. हे वाचलं तेव्हा मी चमकलो. ग्रेविया म्हणजे आपल्या फालशाचं कुळ, आणि धामणीचं. साप नव्हे, झाड. सह्याद्रीत, मेळघाटात धामण सगळीकडे. कावडीचा दांडा, हत्यारांचे दांडे तिचे करतात, कारण ती वाकते आणि मोडत नाही. संस्कृतात तिचं नाव धन्वन. हिजाजच्या डोंगरातला कमानगर आणि सह्याद्रीतला कमानगर एकमेकांना न बघता एकाच कुळाच्या झाडापाशी जाऊन थांबले होते. मला इथं धामण कुठून मिळणार? माझी बोर बरी.

बोरीचीही परंपरा छोटी नाही, हे नंतर कळलं. सातव्या शतकात शम्माख इब्न दिरार नावाचा कवी होऊन गेला. जुबयान टोळीचा. जुबयान आणि अब्स या भाऊबंद टोळ्या, घोड्यांच्या शर्यतीवरून चाळीस वर्षं लढल्या अशी कथा आहे. अब्स टोळीचा शूर कवी अंतरा याच्या नावाचा खडक बुरैद्यापासून तासाभराच्या आत, उयून अल-जिवा इथं आहे. शुक्रवारी तिथं पोरंटोरं फोटो काढायला जातात. म्हणजे शम्माखही याच मुलखातल्या माणसांपैकी. त्याच्या एका दीर्घ कवितेत एक कामठा आहे. कमानगराला दाट झाडीच्या आत, इतर फांद्यांनी वेढलेली एक फांदी दिसते. रानबोरीची. काटे तोडत तो तिच्यापर्यंत पोचतो, ती कापतो, आणि सालीसकट दोन वर्षं मुरत ठेवतो, सालीतला रस तिनं प्यावा म्हणून. मग कामठा घडवतो. तो इतका उतरतो की जत्रेत गिऱ्हाईक पाठ सोडत नाही. वस्त्रं देऊ करतो, लाल सोनं, नव्वद दिरहम, वर कमावलेलं बकऱ्याचं कातडं. लोक म्हणतात, विकून टाक. तो विकतो, आणि मग त्याचे डोळे भरून येतात. या प्रसंगानं इजिप्तचे महमूद शाकिर इतके झपाटले की त्यांनी 1952 साली त्यावर स्वतंत्र दीर्घकाव्य लिहिलं, 'अल-कौस अल-अजरा' नावाचं.

मला त्यातलं रडणं कळलं, पण जास्त लागली ती दोन वर्षं. मी माझी फांदी सहा आठवड्यांत तासली होती, दोन कामठे मोडले यात नवल काय. तिसरी फांदी मी सालीसकट, दोन्ही टोकांना मेण फासून, पलंगाखाली ठेवली. वर्षभर. दोन वर्षांचा धीर झाला नाही.

आता नसेकडे येतो. चाचांनी दिलेल्या नसा मी गच्चीवर दोरीला टांगल्या. ऑक्टोबरची हवा, माशी बसायच्या आत वरची कातडी सुकली. पाचव्या दिवशी त्या शिंगासारख्या कडक, मधाच्या रंगाच्या, अर्ध्या पारदर्शक झाल्या. हेच काम चिपळूणला केलं असतं तर तिसऱ्या दिवशी शेजारी तक्रार घेऊन आले असते. सुकलेली नस हातात घेतली तर काठी वाटते. तिच्यात धागे आहेत यावर विश्वास बसत नाही. मग ती लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायची. लोखंडी हातोडी नको, धागे तुटतात. आधी नुसता ठणठण आवाज. मग आवाज बदलतो, बोदा होतो. कडेनं एक पांढरी रेघ उमटते, ती फुटते, आणि नस उलगडायला लागते. ज्यानं नारळाचं सोडण कुटून काथ्या काढताना पाहिलंय त्याला हे दृश्य नवीन नाही, फक्त हा काथ्या रेशमासारखा चमकतो. एका नसेला पाऊण तास. खोलीतल्या मल्याळी मित्रानं दुसऱ्या दिवशी माझी मोगरी लपवून ठेवली, तेव्हापासून मी गच्चीवर ठोकायला लागलो.

धागे भांड्याच्या साबणानं धुऊन चरबी काढली, वाळवले, बारीक फणीनं विंचरले, लांबीप्रमाणे जुड्या लावल्या. सव्वाशे ग्रॅम भरले. शेवयांच्या पुंजक्यांसारख्या पन्नास-साठ जुड्या कागदावर ओळीनं मांडलेल्या बघून बायकोनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "एवढ्या शेवया कुणासाठी?" मी खरं सांगितलं. तिनं फोन ठेवला.

चूक पुढं झाली. सरस, म्हणजे कातड्याचा डिंक, थंड पाण्यात रात्रभर फुगवायचा आणि मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून हलका तापवायचा. साठ अंशांच्या फार वर जाऊ द्यायचा नाही. उकळला की त्याची पकड जाते. मला हे माहीत होतं. तरी घरून फोन आला, मुलाच्या दहावीच्या क्लासची फी हा विषय लांबला, आणि परत येऊन बघतो तर सरसाला बुडबुडे. वाया घालवायचा नाही म्हणून तोच वापरला. कोकणी स्वभाव, दुसरं काय. आठ दिवसांनी पाठीवरून नसेचा अख्खा पापुद्रा नखानं सुटून आला, केळीच्या सोपटासारखा. सगळं गरम पाण्यात भिजवून, धागे सोडवून, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला मी फोन बंद ठेवला. कामठ्याची पाठ खरखरीत करून, साबणानं पुसून, आधी पातळ सरसाचे दोन हात दिले. मग एकेक जुडी कोमट सरसात बुडवायची, दोन बोटांतून निथळायची, फणीनं सरळ करायची आणि पाठीच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं ठेवून बोटानं टोकाकडे दाबत न्यायची. पुढची जुडी तिच्या टोकाला लागून, पण शेजारच्या ओळीतला सांधा आणि हा सांधा एका रेषेत येता कामा नये. गवंडी विटा रचताना जी काळजी घेतो तीच. हात सरसानं चिकटून फणी हाताला आणि हात कामठ्याला, अशी अवस्था होते. खोली गार असेल तर सरस लगेच थिजतो, म्हणून एसी बंद. दोन तासांत एक थर. वर सुती पट्टी गुंडाळून तो टांगला. पंधरा दिवसांनी दुसरा थर.

नंतर फक्त बघत बसायचं. नस सुकताना आक्रसते. उन्हात घातलेली फणसपोळी ताट सोडून कडेनं वर उचलते ना, तशी. पण इथं ताट चिकटलेलं असतं, म्हणून तेही बरोबर वाकतं. माझा सरळ कामठा पुढच्या बाजूला, म्हणजे ओढायच्या उलट दिशेला, हळूहळू वळू लागला. डिसेंबर-जानेवारीत बुरैद्याची रात्र शून्याजवळ जाते, हवेत थोडी ओल येते, तेव्हा तो थांबला. मार्चपासून पुन्हा वळला. एप्रिलमध्ये मूठ जमिनीला टेकवली तर दोन्ही टोकं जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर राहत होती. नसेचा दुसरा फायदा हा. दोरी चढवतानाच तो कामठा अर्धा ताणलेला असतो.

ओढीचं वजन मोजायला प्रत्येक गल्फवाल्याकडे असतो तो सामानाचा हातकाटा वापरला. नस लावण्याआधी चोवीस इंच ओढायला चौदा किलो लागत होते. आता एकोणीस. कामठ्याची लांबी चार फूट दोन इंच. नुसत्या लाकडाचा एवढा आखूड कामठा मी चोवीस इंच ओढायला धजावलो, ते आधी दोन मोडले होते म्हणून नव्हे, तर मला मोडण्याचा आवाज ऐकायची सवय झाली होती म्हणून. नस लावल्यावर आवाज आला नाही. अम्मांच्या मजऱ्यात गवताच्या गासड्यांवर आम्ही बाण मारले. अम्मांनी दोन मारले. दोन्ही गासडीत. माझे पाचातले दोन.

शेजारच्या हाइल प्रांतात जुब्बा आणि शुवैमिस इथं खडकांवर कोरलेली चित्रं आहेत, 2015 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. काही चित्रांत शिकारी धनुष्य ताणून उभे, आणि त्यांच्या कंबरेला दोरीनं बांधलेले कुत्रे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात अभ्यासकांनी ती आठ हजार वर्षांहून जुनी असावीत असा अंदाज मांडला. दगडातल्या रेघेला पाठ असते, पण त्या पाठीवर नस होती की नाही हे रेघ सांगत नाही. नस, सरस, लाकूड, सगळं किड्यांचं खाद्य.

म्हणूनच कदाचित ही विद्या नीट टिपून ठेवलेली सापडते ती जिवंत माणसाकडून. 1911 साली कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या टोळीचा शेवटचा माणूस, ज्याला पुढं इशी म्हणू लागले, लोकांपुढं आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून 1918 मध्ये लिहून ठेवली. इशी हरणाची नस तोंडात चघळून मऊ करायचा आणि साल्मन माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसानं ती जुनिपरच्या कामठ्यावर बसवायचा. चघळण्याची कृती मी चाचांना सांगितली. ते म्हणाले, "उंटाची चघळून बघा, दात राहिले तर सांगा."

आपल्याकडे काय होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची सांगितली आहेत. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर स्नायूही आहे. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, शिंगाचं. मोगलाईत आणि दख्खनच्या दरबारांत शिंग, लाकूड आणि नस यांच्या जोडकमानी होत्याच, त्यांच्यावर लाखेचा आणि रंगाचा सुंदर लेप असे. संग्रहालयात लोक त्या वेलबुट्टीकडे बघत उभे राहतात. माझा आता असा समज झालाय की तो लेप आधी रेनकोट आहे, नक्षी नंतर. सरस पाणी पितो. हवेतलंही पितो. ओल्या हवेत सरस ढिला पडतो, नस सुटते. हिंदुस्थानातल्या लोहारांनी पोलादाच्या कमानी केल्या, ज्या जगात दुसरीकडे क्वचितच दिसतात. त्या मारायला जोडकमानीइतक्या चपळ नसत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी पावसाळ्याला दाद देत नसत. आणि ज्याला शस्त्रागारच नव्हतं त्या भिल्लानं तर प्रश्नच ठेवला नाही. कामठा बांबूचा, दोरीही बांबूच्याच सालीची. सरस नाही, नस नाही. भिजला तर भिजला.

कोरडेपणाचंही खूळ डोक्यात घेऊन चालत नाही, हे सांगितलं पाहिजे. जूनमध्ये बुरैद्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो आणि हवेत ओल जवळपास उरतच नाही. तेव्हा लाकूड इतकं सुकतं की काचेसारखं तडकू शकतं. त्या दिवसांत अम्म कामठा ओढू देत नाहीत. त्यांच्या विहिरीजवळच्या मातीच्या खोलीत, पाण्याच्या माठाशेजारच्या खुंटीवर तो टांगलेला असतो. ही युक्ती त्यांना कुणी सांगितली विचारलं तर म्हणाले, वडील लगामाची चामडी तिथंच ठेवायचे.

जुलैत सुट्टी लागली. कामठा नेण्याचा प्रश्न नव्हता, विमानतळावर कोण समजावत बसणार. पण थर देताना मी त्याच बोरीच्या एका वीतभर पातळ पट्टीवरही नस बसवली होती, नमुना म्हणून. ती सुकून धनुष्याकृती झाली होती. रुमालात गुंडाळून बॅगेत टाकली. बुरैद्यात वर्षाला शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस, चिपळूणला तीन हजारांहून अधिक. घरी पोचलो त्या दिवशी ती टीव्हीच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी बाक कमी दिसला. चौथ्या दिवशी पट्टी जवळजवळ सरळ, आणि पाठीवरची नस दाबली तर बोटाचा ठसा उमटत होता. वास यायला लागला. आठव्या दिवशी हिरवट बुरशी. आईनं ती चिमट्यानं उचलून ओटीवर ठेवली आणि म्हणाली, "तुझा उंट बाहेर." मांजर दोन दिवस तिच्याभोवती फिरत होतं.

फेकवेना. बुरशी पुसून परत येताना बॅगेत घातली. ऑगस्टचा पहिला आठवडा, बाजारात खजूर यायला सुरुवात झालेली. कामाच्या गडबडीत ती खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि विसरलो. चार दिवसांनी मध्यरात्री पाळीवरून आलो. पडदा सारताना हाताला काहीतरी लागून खाली पडलं, फरशीवर लाकडासारखं वाजलं. उचलून बघितलं. एका कडेला, जिथं बुरशी धरली होती, नस करंगळीच्या नखाएवढी सुटली होती. बाकी सगळी पुन्हा कडक, मधाच्या रंगाची, आणि पट्टीचा बाक जवळपास पहिल्याइतका आला होता. ती तशीच चाचांना दाखवायला नेली. त्यांनी सुटलेली कड नखानं टोकरून बघितली आणि विचारलं, "या वर्षी किती पाय ठेवू?"